प्रतिसाद: वू-वेई आणि राज्यकारभार

वरच्या चर्चेत म्हटलंय की ताओवाद या प्राचीन चिनी विचारधारेतली 'वू-वेई' (शब्दशः 'न करणं') म्हणजे राजाने हात बांधून बसायचं. हे मला पटत नाही; वू-वेई मानणारा राजाही कृती करतो. प्राचीन चीनच्या हान घराण्यातल्या सम्राट वेनचंच उदाहरण घ्या. त्याच्या दरबारावर हुआंग-लाओ विचारांचा, म्हणजे ताओवादी राजनीतीचा, मोठा पगडा होता. छुनयु यी नावाच्या वैद्याला अंगच्छेदाची शिक्षा होणार होती. त्याची धाकटी मुलगी थीयिंग थेट राजधानीत गेली आणि तिने सम्राटाला अर्ज लिहिला: कापलेला अवयव परत जोडता येत नाही, मग माणसाने सुधारायचं कसं? इ.स.पू. १६७ मध्ये वेनने अंगच्छेदाच्या शिक्षाच रद्द केल्या. केवढं धाडस त्या मुलीचं!

चिनी वैद्यकाच्या प्राचीन ग्रंथातही हाच धागा आहे: नंतर बळाने निस्तरण्यापेक्षा आधीच काळजी घ्यावी. रोग जडल्यावर औषध देणं किंवा बंडाळी माजल्यावर बंदोबस्त करणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं, असं तिथे स्पष्ट म्हटलंय.

वेनच्या सुधारणेत त्रुटी होतीच. अंगच्छेदाऐवजी आलेल्या फटक्यांनी माणसं मरू लागली. फटक्यांची संख्या घटवली ती त्याच्या मुलाने, सम्राट जिंगने.