दाह, सूज की शोथ?

अनुस्वार: एचआयव्ही असलेल्यांच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर जे संशोधन चाललंय त्यात भाग घेणाऱ्यांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतेय. अडलंय इन्फ्लमेशन या शब्दाच्या मराठीपाशी. मी लिहिलं 'रक्तवाहिन्यांचा दीर्घकालीन सौम्य दाह'. मसुदा एका काकांना वाचायला दिला, बरीच वर्षं एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या घेतायत ते, त्यांनी पेन्सिलीने 'दाह'खाली रेघ मारली आणि म्हणाले, मला तर कुठे जळजळत नाही, म्हणजे हे माझ्यासाठी नाहीच ना?

बोरूबहाद्दर: शोथ लिहा. विश्वकोशातला शब्द आहे. आपणच वापरले नाहीत तर शब्द रुळणार कसे?

टिंबटिंब: शोथ लिहिलंत की टाइप करणारा त्याचा 'शोध' करतो. माझ्या एका अनुवादात 'रक्तवाहिनीशोध' छापून आलंय, दोनदा प्रुफं वाचूनसुद्धा.

उंटावरचा: गंमत बघा, इन्फ्लमेशनच्या मुळाशी जे लॅटिन क्रियापद आहे त्याचा अर्थच पेटवणे. दाह अगदी चपखल, काकांना समजावून सांगा.

अनुस्वार: पत्रक घरी नेऊन वाचणाऱ्याला कोण समजावणार? सूज लिहिलं तर लोक पाय दाबून बघतात. आणि शब्द टाळता पण येत नाही, कारण मुद्दाच तो आहे, गोळ्यांनी विषाणू रक्तात सापडेनासा झाला तरी प्रतिकारशक्ती पुरती शांत होत नाही आणि वाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडत राहतं. 2023 मध्ये रिप्रीव्ह नावाच्या अभ्यासाचे निकाल आले, 12 देश, एचआयव्ही असलेली 7,769 माणसं, पिटाव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे 35 टक्क्यांनी कमी. नुसतं कोलेस्टेरॉल उतरल्याने व्हावा त्यापेक्षा हा फायदा जास्त दिसला, म्हणून तर दाहाकडे बोट दाखवतात.

काडीपेटी: धुमसणं! 'आतल्या आत धुमसत असतं'. 2006 च्या स्मार्ट नावाच्या अभ्यासात ज्यांच्या एआरटीच्या गोळ्या मधे मधे थांबवल्या त्यांच्यात हृदयाचे त्रास वाढलेच की. राख बाजूला केली की निखारा.

बोरूबहाद्दर: वाक्य झालं, नाम द्या. धुमस? धुसफूस? धुसफूस पक्षात होते, धमनीत नाही.

टिंबटिंब: 😀 बाकी स्ट्रोकला काय लिहिलंय?

अनुस्वार: मेंदूचा झटका.

टिंबटिंब: मग झालं! हार्ट अटॅक आला तरी झटका, आकडी आली तरी झटका. आमची आजी सरळ म्हणायची अंगावरून वारं गेलं.

बोरूबहाद्दर: पक्षाघात असा नेटका शब्द असताना वारं कशाला?

काडीपेटी: नेटका आहे पण चूक आहे. पक्ष म्हणजे शरीराची एक बाजू, ती लुळी पडते हा परिणाम झाला. माझ्या मामाचे हातपाय ठणठणीत होते, फक्त शब्द सापडेनात, पाणी हवं असलं की चष्मा मागायचा. तोही स्ट्रोकच होता, डॉक्टर म्हणाले मेंदूतल्या वाहिनीत गुठळी अडकली. त्याला कुठल्या पक्षाचा आघात म्हणायचं?

उंटावरचा: आणि अर्धांगवायूत तर वायू पण आहे, आजीचं वारं तेच ना.

बोरूबहाद्दर: स्ट्रोकच लिहा मग, मराठी बंद करा.

टिंबटिंब: लोक स्ट्रोकच म्हणतात हो. तुम्ही पण मगाशी दुसऱ्या धाग्यावर 'बीपी वाढलं' लिहिलंयत.

अनुस्वार: मंडळी, दाहाचं काय? उद्या द्यायचंय.

उंटावरचा: एक सुचवू? रक्तवाहिनी फार लांबलचक वाटतं, विश्वकोशात धमनीला 'रोहिणी' आहे.

काडीपेटी: रोहिणीचा दाह! काका पंचांग उघडून बसतील.