बाबांना स्ट्रोक होऊन ४ महिने झाले, हात उघडत नाही. हे चिपवालं संशोधन आपल्या कामाचं आहे का?

निळी_शाई: बाबा ६८ वर्षांचे, उजवी बाजू गेली होती. पाय बराच आलाय, काठी घेऊन चालतात, पण मूठ उघडा म्हटलं की बोटं अजूनच आवळतात आणि मग ते डाव्या हाताने एकेक बोट ओढून सोडवत बसतात, बघवत नाही. चुलतभाऊ रोज मेंदूतल्या चिपमुळे माणूस चालायला लागला असले व्हिडिओ पाठवतोय. शिवाय बाबांचा ईसीजी नॉर्मल आणि स्ट्रोकचं कारण सापडलं नाही म्हणे. पुढे काय करायचं?

फिजिओताई: ४ महिने म्हणजे वेळ गेलेली नाही. तो चालणारा माणूस बहुतेक २०२३ च्या स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगातला, त्याला मणक्याची इजा होती. त्याचा मेंदू शाबूत होता, मधली वायर तुटलेली. बाबांचा बिघाड मेंदूतच आहे, त्यामुळे तुलना नको. स्ट्रोकच्या हातासाठी त्यातल्या त्यात पुढे आलेलं म्हणजे व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेशन. व्यायामात हात हलवला की थेरपिस्ट बटण दाबतो आणि मानेतल्या नसेला अर्धा सेकंद करंट जातो. २०२१ च्या ट्रायलमध्ये १०८ पेशंट होते, व्यायाम दोन्ही गटांना सारखाच, तरी ९० दिवसांनी ठळक सुधारणा करंट मिळालेल्या गटात ४७%, दुसऱ्या गटात २४%. पण ते सगळे स्ट्रोकला ९ महिने उलटून गेलेले, आणि ऑपरेशन लागतं, म्हणजे आत्ता तुमचा विषय नाही. चांगला हात मिटनमध्ये (बोटं न सुटणाऱ्या जाड मोज्यात) अडकवून कमजोर हाताला कामाला लावतात तेही चालतं, फक्त मनगट-बोटं थोडी तरी स्वतःहून उघडायला हवीत, नाहीतर माणूस नुसता वैतागतो. आधी स्पास्टिसिटी, म्हणजे स्नायूंचा हा आवळलेपणा, डॉक्टरांना दाखवून घ्या. आणि बोटं ओढू नका हो! मनगट आतल्या बाजूला हळूच वाकवा, बोटं आपोआप सैल होतात.

ठोका_चुकला: मी हाताबद्दल नाही, हृदयाबद्दल बोलतो कारण दुसरा स्ट्रोक टाळणं जास्त महत्त्वाचं. साधा ईसीजी १० सेकंदांचा, आणि एट्रियल फिब्रिलेशन (एएफ, हृदयाचे ठोके अनियमित पडणं) येतं जातं, त्या १० सेकंदात नसलं तर रिपोर्ट नॉर्मलच येणार ना. २०१४ च्या एका ट्रायलमध्ये असेच कारण न सापडलेले ४४१ पेशंट होते, छातीत कातडीखाली छोटा रेकॉर्डर बसवलेल्यांपैकी ८.९% जणांत ६ महिन्यांत एएफ सापडलं, नेहमीच्या तपासणीत १.४%. सापडलं तर सहसा औषधच बदलतं, ॲस्पिरिनऐवजी रक्त पातळ करणारं दुसरं. माझ्या आत्याचं असंच पाचव्या महिन्यात सापडलं, तोवर आम्ही निवांत.

अर्धवट_इंजिनिअर: चिपचं मी सांगतो. मेंदूसारख्या चालणाऱ्या चिप खरंच आहेत, आयबीएमची ट्रूनॉर्थ २०१४ ची, १० लाख कृत्रिम न्यूरॉन (मेंदूच्या पेशींची नक्कल) आणि वीज साधारण ७० मिलीवॅट. गंमत अशी की सिग्नल आला तरच ती काम करते, एरवी गप्प. शरीरात बसवायच्या यंत्राला हेच पाहिजे, कारण बॅटरी छोटी आणि गरम झालं तर टिश्यूला त्रास. पण चिप म्हणजे उपचार नाही, सिग्नल ओळखणारी हुशार कारकून समजा. भावाला सांगा व्हिडिओ कमी पाठव, बाबांचा व्यायाम घ्यायला ये 😄

निळी_शाई: ताई, आत्ताच मनगट वाकवून बघितलं, अंगठा सोडून चारही बोटं सुटली!! बाबाच चकित. होल्टर (अंगावर लावून ठोके नोंदवणारं यंत्र) २४ तासांचाच झाला होता, सोमवारी जास्त दिवसांच्या मॉनिटरचं विचारते. अंगठ्याला काय करायचं?