हेन्रीचा गोल नुसत्या वेगाचा नव्हता

फ्रान्सचा फुटबॉलपटू थिएरी हेन्री केवळ वेगामुळे मोठा झाला, हे मत मला पटत नाही. वेग युव्हेंटस या इटलीच्या क्लबमध्येही होताच, पण तिथे त्याला कडेला, बचावाच्या कामासह खेळवलं आणि 16 लीग सामन्यांत फक्त 3 गोल झाले. 1999 मध्ये आर्सेनल या इंग्लंडच्या क्लबला आल्यावर प्रशिक्षक वेंगर यांनी त्याला मधला स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा पुढचा खेळाडू, केलं. तरी तो गोलपाशी खिळून राहिला नाही. डावीकडे सरकायचा, प्रतिस्पर्ध्याचा उजवा बॅक आणि सेंटर बॅक (कडेचा आणि मधला बचावपटू) यांच्यामधल्या फटीत चेंडू घ्यायचा आणि आत वळायचा. मग डावा पाय रोवून, कंबर उघडून (म्हणजे गोलच्या दिशेने वळवून), उजव्या पायाच्या आतल्या बाजूने चेंडू लांबच्या खांबाकडे वळवायचा. किती देखणा फटका! यात शरीर मागे झुकलं तर चेंडू गोलच्या आडव्या बारवरून जातो. कंबर लवकर उघडली तर गोलकीपरला दिशा आधीच कळते. 2002-03 च्या प्रीमियर लीगमध्ये त्याचे 24 गोल आणि 20 असिस्ट (सहकाऱ्याच्या गोलसाठी दिलेले पास) आहेत. आर्सेनलसाठीच्या 228 गोलांइतकेच हे 20 असिस्टही मला महत्त्वाचे वाटतात.