मदत हवी आहे: एमजीबीचा पेट्रोलचा काटा खोटं बोलतोय

राम राम मंडळी,

मूळचा नाशिकचा, सध्या मुक्काम बर्मिंगहॅमजवळ. गाडी १९६९ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार). इंजिन, गिअरबॉक्स ठणठणीत. रडगाणं फक्त पेट्रोलच्या काट्याचं आहे.

टाकी १२ ब्रिटिश गॅलनची, म्हणजे साधारण ५४ लिटरची. ती काठोकाठ भरली की काटा 'एफ' (फुल) ओलांडून पार कडेला टेकतो. अर्धी झाली तरी पाऊण दाखवतो. परवा गाडी आचके देत रस्त्याच्या कडेला थांबली, मागे पंप नुसता टकटक करत सुटला होता आणि काटा मात्र पाव टाकीच्या वर खुशाल बसलेला. शेजारी बसलेल्या बायकोने एक शब्द न बोलता त्याच्याकडे बोट दाखवलं.

पूर्वपीठिका: जुन्या सेंडरच्या (टाकीतली पातळी काट्याला कळवणारा भाग) पितळी फ्लोटला (तरंगणाऱ्या डबीला) भोक पडून त्यात पेट्रोल शिरलं होतं, त्यामुळे काटा कायम 'ई'वर (एम्प्टी). गेल्या हिवाळ्यात गॅरेजमध्ये नवीन सेंडर बसवून घेतला. त्याच वेळी आधीच्या मालकाने ठोकलेला रेडिओ आणि त्याच्या वायरींचं जंजाळही डॅशबोर्डमागून काढून घेतलं. तेव्हापासून हा प्रकार.

मी काय करून पाहिलं:

टाकीपाशी सेंडरची हिरवी-काळी वायर काढली, इग्निशन चालू केलं, काटा 'ई'च्या खाली. तीच वायर क्षणभर बॉडीला टेकवली तर काटा वर चढू लागला. (जास्त वेळ टेकवू नये, गेजच्या, म्हणजे काट्याच्या यंत्राच्या, आतली गुंडाळी तापून जळू शकते.) म्हणजे वायर अखंड आहे आणि गेज जिवंत आहे. सेंडरचा अर्थही (बॉडीशी असलेली विजेची जोडणी) तपासला, स्वच्छ आहे.

आता प्रश्न असा की दोष नव्या सेंडरचा की गेजचा? इकडे बहुतेक जण म्हणतात की हल्ली मिळणारे सेंडर असेच असतात, सवय करून घे. ते काही पटत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद – काळीपिवळी

सेंडर आणि गेज, दोघांच्या आधी तिसऱ्याला धरा. तुमच्या एमजीबीतलं गेज द्विधातू (तापली की वाकणाऱ्या) पट्टीचं आहे, म्हणून तर काटा रमतगमत वर येतो. बॅटरीचा दाब कमीजास्त झाला की असलं गेज भलतंच दाखवणार. तसं होऊ नये म्हणून डॅशबोर्डमागे काडेपेटीपेक्षा लहान असा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. त्याच्याही आत तापणारी पट्टी असते. ती सारखी संपर्क जोडते-तोडते आणि गेजला सरासरी १० व्होल्ट मिळतात.

मेख अशी की ती पट्टी तापायला त्या डबीला अर्थ लागतो, आणि तो मिळतो डबी ज्या स्क्रूने बसवली आहे त्याच्यातून. स्क्रू सैल झाला किंवा मधे गंज-रंग आला की पट्टी तापतच नाही, संपर्क तुटत नाही आणि गेजला सरळ १२-१३ व्होल्ट जातात. काटा सगळीकडे जास्त दाखवतो. तुमचं वर्णन तंतोतंत हेच आहे. रेडिओच्या वायरी ओढून काढताना तिथे धक्का लागला असेल, अशी माझी दाट शंका.

स्टॅबिलायझरच्या 'आय' लिहिलेल्या टोकावर (फिकट हिरवी-हिरवी वायर) व्होल्टमीटर लावा. आकडा वरखाली उड्या मारत असेल तर स्टॅबिलायझर काम करतोय. १२ वर ठाम बसला असेल तर चोर सापडला. डबी परत लावताना जशी होती तशीच लावा, आडवीतिडवी नको.

धागाकर्ता

काळीपिवळी, मानलं तुम्हाला! 'आय'वर १२.४, जराही हलेना. सीटवर उलटा झोपून टॉर्च दातात धरून पाहिलं तर स्क्रू बोटाने फिरत होता. खालचा पत्रा सॅंडपेपरने घासून आवळला, आकडा नाचायला लागला. पूर्ण टाकीला काटा आता बरोबर 'एफ'वर. मात्र टाकी रिकामी होत आली तरी 'ई'च्या बराच वर राहतो. आता हा सेंडर ना?

प्रतिसाद – काळीपिवळी

हो, उरलेला वाटा त्याचा. टाकीत पेट्रोल कमी असतानाच हात घाला. सेंडर टाकीच्या उजव्या अंगाला आहे, म्हणून ती बाजू जॅकवर उचला, नाहीतर हातावर पेट्रोलची धार येईल. आधी बॅटरी काढा आणि काम मोकळ्या हवेत करा. बाहेर काढलेला सेंडर पुसून कोरडा करा, टाकीचं तोंड झाका, गाडीपासून लांब नेऊन लांब वायरींनी जोडा. त्याच्या अंगालाही अर्थ द्या, मगच बॅटरी लावा. फ्लोटचा दांडा हाताने अगदी खाली धरा आणि अर्धा मिनिट थांबा, कारण हे गेज सावकाश स्थिरावतं. काटा 'ई'वर येत नसेल तर दोष सेंडरच्या रेझिस्टन्समध्ये. येत असेल तर टाकीत फ्लोट आधीच तळाला टेकतोय आणि दांडा पार खाली येत नाहीये, फ्लोटकडचं टोक किंचित वर वाकवा. मग वरचं टोकही पुन्हा तपासा, कारण एक टोक सुधारताना दुसरं बिघडतं. रच्याकने, सील नवीनच घाला आणि ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला चालणारं घ्या, इकडे २०२१पासून साधं पेट्रोल तेच आहे.

धागाकर्ता

शनिवारी पाऊस नसेल तर करतो. दांडा वाकवूनही जमलं नाही तर गेजच्या मागच्या बुचांखाली जुळवणीच्या खाचा असतात म्हणे, त्यांना कुणी हात लावला आहे का?