अनुभव धागा : साखरपुड्याची अंगठी कोणत्या धातूची घ्यावी?

लगीनसराई जवळ आली की नाशकात सराफ बाजारात पहिला प्रश्न भावाचा निघतो. तो इथे नको. सराफी, कारागिरी किंवा हातकाम ज्यांच्या रोजच्या सवयीचं आहे, त्यांनी धातूबद्दल नेमकं लिहावं. अंगठी रोज बोटात राहणार आहे, हे धरून लिहा.

सराफकट्टा
साधं वेढणं हवं असेल तर २२ कॅरेट, खडा बसवायचा असेल तर १८. २२ कॅरेटमध्ये हजारात ९१६ भाग सोनं, म्हणून ते मऊ. खडा धरणारी नखं स्वेटरमध्ये, ओढणीत अडकून थोडी थोडी उघडतात आणि एक दिवस खडा गळतो. १८ कॅरेटमध्ये (७५०) चांदी-तांब्याची भर जास्त, त्यामुळे नखं ताठ राहतात.

वजनाचा हिशोब आधी समजून घ्या. १४ नंबरची अंगठी म्हणजे आतला घेर ५४ मिमी. पट्टी चपटी, ४ मिमी रुंद आणि १.८ मिमी जाड धरली तर २२ कॅरेटमध्ये ती साधारण साडेसात ग्रॅम भरते, १८ मध्ये पावणेसात, प्लॅटिनममध्ये पावणेनऊ आणि चांदीत साडेचार. माप तेच, घनता वेगळी. म्हणून ‘पाच ग्रॅममध्येच बसवा’ असा हट्ट प्लॅटिनमच्या बाबतीत धरू नका. कारागीर पट्टी पातळ करतो आणि ती वर्षभरात वाकडी होते.

गोदाकाठ
वरच्याला जोडून. सोन्याच्या अंगठीत आतल्या बाजूला तीन खुणा पाहा : बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोणी शिक्का, शुद्धता (२२के९१६ किंवा १८के७५०) आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. दुकानात दहापट मोठं दाखवणारं भिंग असतं, ते मागून घ्या. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये नंबर टाकल्यावर दागिन्याचा प्रकारही दिसतो. तिथे अंगठीऐवजी चेन दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा.

दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. हलकी अंगठी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं आणि बिलावर कॅरेट लिहूनच घ्यावं.

बिलात खड्याचं वजन वेगळं हवं. खड्याचं कॅरेट शुद्धतेचं नाही, वजनाचं माप : एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. तो सोन्याच्या वजनात मोजला गेला तर काच सोन्याच्या भावाने घेतल्यासारखं होतं.

पांढरा_धातू
व्हाइट गोल्ड आणि प्लॅटिनम काचेखाली सारखेच दिसतात, पण वागतात निराळे. व्हाइट गोल्ड म्हणजे पॅलेडियम किंवा निकेल मिसळलेलं सोनं, वरून ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा. रोज घातलं की वर्ष-दोन वर्षांत तळहाताकडची बाजू पिवळसर पडते आणि पुन्हा मुलामा द्यावा लागतो. घड्याळाच्या बकलाने किंवा खोट्या कानातल्याने खाज येत असेल तर ‘निकेल आहे का?’ हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

प्लॅटिनमवर चरे पडतात, पण धातू झिजून जात नाही, बाजूला सरकतो. म्हणून वजन टिकतं आणि चमक मंद होते. अडचण दुरुस्तीची. प्लॅटिनम १,७६८ अंशांना वितळतं, सोनं १,०६४ ला. सोन्याची झाळ लावणारा प्रत्येक कारागीर प्लॅटिनमची अंगठी लहान-मोठी करून देईलच असं नाही. ते काम कोण करतं आणि मोड देताना किती कापतात, दोन्ही लेखी घ्या.

एकाच बोटात प्लॅटिनम आणि २२ कॅरेट शेजारीशेजारी घालू नका. सोनं घासलं जातं.

भुरी_फवारणी
दिंडोरी-निफाडकडच्यांसाठी. द्राक्षबागेत भुरी रोगासाठी गंधक मारता तेव्हा हातात चांदी असेल तर ती काळी पडणारच, कारण चांदीवर सल्फाइडचा थर बसतो. कमी कॅरेटच्या सोन्यातलं तांबं आणि चांदीही त्याने डागाळतात. बागेत रोज हात असेल तर २२ कॅरेट साधं वेढणं किंवा प्लॅटिनम. नक्षी नको, खाचांत औषधाचा गाळ बसतो. काळी पडलेली चांदी अ‍ॅल्युमिनियम फॉइलवर ठेवून गरम पाणी आणि खायचा सोडा टाकला की बरीच उजळते. मोती किंवा चिकटवलेला खडा असेल तर हे करू नका.

सातपूरकर
लेथ, प्रेस, कन्व्हेयरवर काम असेल तर धातू कोणताही असो, अंगठी लॉकरमध्ये. अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते. टंगस्टन कार्बाइडचा मोह टाळा : त्यावर चरे पडत नाहीत, पण माप बदलून घेता येत नाही, आपटलं तर तडकतं. बोट सुजलं तर साध्या कटरने कापता येत नाही, पकडीने दाबून फोडावं लागतं. सोनं, चांदी, प्लॅटिनम कापता येतं. टायटॅनियम हलकं आणि त्वचेला सोसतं, पण माप बदलणं त्याचंही अवघडच.

पोहायला जाताना आणि ब्लीचने फरशी पुसताना १४-१८ कॅरेटची अंगठी काढा. क्लोरीन भरीच्या धातूला खातं आणि नखं ठिसूळ होतात. फुटलेल्या थर्मामीटरचा पारा तर सोन्याला अजिबात लागू देऊ नका.

सराफकट्टा
मापाचं राहिलं. थंडीत सकाळी बोट बारीक असतं, माप संध्याकाळी द्या. पेरावरून थोडी अडून उतरली पाहिजे. पट्टी ६ मिमीच्या वर असेल तर एक नंबर मोठा. साधं सोनं ताणून एखादा नंबर वाढतो. चहूबाजूंनी खडे असतील तर नाही. कापून माप कमी करायचं असेल तर एचयूआयडीची जागा कारागिराला आधी दाखवा, म्हणजे तो दुसरीकडे कापेल.