भत्ता आठवड्याला द्या

गवंडीकामाच्या शिष्यवृत्तीत फी माफ केली की आपत्तीग्रस्त मुलं कोर्सला येतील, असं म्हटलं जातं; पण तेवढ्यानं भागत नाही. २०१५च्या भूकंपानंतर नेपाळमध्ये अनुभवी गवंड्यांना ७ दिवसांचं आणि नवख्यांना ५० दिवसांचं प्रशिक्षण होतं; नवखे प्रत्यक्ष घर बांधत शिकत. इतके दिवस रोजी बुडाली तर गरीब घरातलं पोर मध्येच सोडतं. म्हणून शिष्यवृत्तीत भत्ता हवाच, तोही दर आठवड्याला. शेवटी एकरकमी देऊन उपयोग नाही. थापी, ओळंबा, लेव्हल ट्यूब (पातळी जुळवायची पाण्याची नळी) ही हत्यारंही शिष्यवृत्तीतच धरा.

शिकवताना दगडी भिंतीत आरपार जाणारे दगड दर ६० सेंमी उंचीला, आणि दोन दगडांतलं आडवं अंतर १.२ मीटरच्या आत ठेवून बसवून घ्या. घाईत हेच राहतात, आणि हादऱ्यात भिंतीचे आतले-बाहेरचे थर सुटून कोसळतात. आणि मुली आल्या तर त्यांना नुसता माल वाहायला लावू नका, हातात थापी द्या.