मदत हवी आहे: नान्नजच्या माळावर लोकांना विचारायचं कसं?

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची, समाजशास्त्रात एम. ए. करते आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याभोवतीच्या वस्त्यांना माळाबद्दल आणि तिथल्या पक्ष्यांबद्दल काय वाटतं, हा प्रबंधाचा विषय. पहिल्याच फेरीत अडकले.

पंचवीस प्रश्नांची छापील प्रश्नावली घेऊन दोन वस्त्या फिरले. 'माळढोक वाचावा असं वाटतं का?' एकूण एक घरातून 'हो'. 'तितर-लाव्यांसाठी कुणी फासे लावतं का?' एकूण एक 'नाही'. इतकं एका सुरात ऐकलं आणि पोटात गोळाच आला, कारण हे कागद मला काहीच सांगत नव्हते.

तिसऱ्या दिवशी लिंबाखाली एक धनगर आजोबा भेटले. म्हणाले, "आधी ती वही मीट बाई. लिवून नेलं की जमीन अडकती." वही पिशवीत टाकली, तर दीड तास बोलले. काठीनं मातीत रेघा ओढून दाखवलं: इथं कुसळी गवत, इथं पवन्या गवत, हा तुकडा मोडून ऊस लावला, इथं द्राक्षं आली. टिटवीची अंडी दिसली की कळप कुठून वळवतात तेही सांगितलं. माझ्या पंचवीस प्रश्नांत यातलं काही बसत नव्हतं. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. मग मेंढ्या कुठून जातात आणि कुत्री कुठं मोकळी सुटतात, यापेक्षा कामाची माहिती कुठली?

त्यांची भीतीही उगाच नाही. 1979 साली अभयारण्य जाहीर झालं तेव्हा क्षेत्र होतं 8,496 चौ. किमी. त्यात शेतं आली, गावं आली, जमिनीच्या व्यवहारांचा तिढा वर्षानुवर्षं चालला. पुढे ते 1,222 चौ. किमीवर आणलं, पण लोकांच्या मनात जुनाच धसका आहे. 'माळढोक' म्हटलं की आधी सातबारा आठवतो.

तर सांगा: वही न काढता ऐकलेलं प्रबंधात कसं मांडायचं? आणि शिकारीबद्दल कुणालाही अडचणीत न आणता कसं विचारायचं? मला ही माणसं गुन्हेगार म्हणून रंगवायची नाहीत.

प्रतिसाद 1
आजोबांनी मातीत काढला तो नकाशाच आहे. पुढच्या वेळी पारावर चारपाच जणांना बसवा, खडूनं नाहीतर खड्यांनी त्यांनाच काढू द्या, आणि त्यांनी 'हो' म्हटलं तरच फोटो घ्या. बायकांची बैठक वेगळी घ्या, सरपण-चाऱ्याच्या वाटा त्यांना जास्त ठाऊक असतात. घरी आल्या आल्या, झोपायच्या आधी, आठवेल ते सगळं उतरवा. नाव-गट नंबर लिहूच नका. आणि कुठल्याही सरकारी जीपमधून उतरू नका, एसटीनं जा.

शिकारीसाठी नाण्याची पद्धत आहे. तुम्ही पाठ फिरवायची, समोरच्यानं नाणं उडवायचं. छापा पडला तर काहीही असो 'हो' म्हणायचं, काटा पडला तरच खरं उत्तर. समजा 100 जणांत 60 'हो' आले. साधारण 50 नाण्याचे. उरलेल्या 50 मधले 10 खरे, म्हणजे अंदाजे 20 टक्के. कोण, ते तुम्हालाही कळत नाही.

प्रतिसाद 2
प्रश्नच बदला, ताई. 'वाचावा का' असं विचारलं की 'हो'च येणार. 'गवत राखलं तर तुमचं काय जातं?' असं विचारा.

आसामातल्या दादरा गावात हरगिला पक्ष्याची घरटी असलेली झाडं लोक तोडायचे, कारण खाली घाण आणि दुर्गंधी. वन्यजीव अभ्यासक पूर्णिमा देवी बर्मन यांनी आधी त्या अंगणातल्या बायकांना जोडून घेतलं, पिल्लांच्या हंगामात आपल्या डोहाळजेवणासारखा सोहळा सुरू केला. नागालँडात पांगतीजवळ 2012 साली अमूर ससाणे जाळ्यांनी प्रचंड मारले गेले; 2013 मध्ये गावांनीच ते थांबवलं, ग्रामसभा आणि चर्च दोन्ही त्यात उतरले. दोन्हीकडे गावात कुणाचा शब्द चालतो, हे आधी ओळखलं होतं. तुमच्या वस्तीवर तो कुणाचा, हे शोधा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. प्रश्नावली बाजूला ठेवते. हुरड्याच्या दिवसांत सगळे रानात असतात, तेव्हाच जाईन. एक शंका: एका वस्तीवर जेमतेम 30 घरं आहेत. नाण्याचा आकडा धरता येईल का?

प्रतिसाद 1
नाही. 30 मध्ये छापे 11 पडतील नाहीतर 19, सगळा हिशोब कोसळेल. पाचसहा वस्त्या एकत्र धरून दोनशेच्या वर माणसं झाली तरच वापरा, तोवर नुसतं ऐका. आणि जे हाती लागेल ते त्या आजोबांना आधी वाचून दाखवा. नको म्हणाले तो भाग काढा.

धागाकर्ती
रविवारी जातेय. वही घरीच.